‘व इतर’

माझ्या व्याह्यांच्या घराण्याचा शोध मी का घेऊ लागलो, याचे प्रामाणिक उत्तर रिकामपण हेच आहे. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघे बहुतेक उन्हाळे मुलीकडे इप्स्विचला काढतो. जावई तिथलाच, इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफक परगण्यातला. नातवाला शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगितला होता, तेव्हा आईकडची बाजू भरायला पाच मिनिटेही लागली नाहीत, कारण आमचा छापील कुलवृत्तान्त आहे आणि त्र्यंबकेश्वरच्या आमच्या उपाध्यायांच्या बाडात आजोबांच्या आजोबांपर्यंतची नावे आहेत. वडिलांकडच्या बाजूला मात्र व्याह्यांच्या आजोबांच्या वर सगळे चौकोन कोरे राहिले. व्याही सत्तरी ओलांडलेले, मोजके बोलणारे गृहस्थ आहेत. ते म्हणाले, “आम्ही शेतमजूर. आमचे कोण काय लिहून ठेवणार? एवढे मात्र नक्की, की आम्ही पहिल्यापासून याच गावचे.”

कोणी काही लिहून ठेवले नसणार हे चुकीचे आहे, एवढे मला महिन्याभरात कळले. ‘पहिल्यापासून याच गावचे’ या वाक्याला दोन उन्हाळे लागले.

गावाचे नाव इथे देत नाही आणि आडनावही देत नाही, कारण व्याह्यांची तशी अट आहे. हेल्सवर्थ या बाजारपेठेच्या गावाच्या आसपासचे ते आहे, एवढे पुरे. गहू आणि बार्लीची शेते, चकमकीच्या दगडांनी बांधलेले चर्च, आणि चर्चच्या आवारात ज्यांच्याकडे जमीन होती त्यांचेच थडग्यांचे दगड. मजुरांना पुरलेल्या जागेवर नुसते गवत आहे.

खानेसुमारीचे कागद उलट्या क्रमाने वाचायचे असतात, म्हणजे आपल्याला माहीत असलेल्या माणसापासून मागे. इंग्लंडमध्ये १८०१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली. पण पहिल्या चार वेळा सरकारला फक्त आकडे हवे होते, आणि माणसांची नावे सरसकट लिहिली गेली ती १८४१ पासून. शंभर वर्षे उलटल्याखेरीज हे कागद लोकांना पाहायला मिळत नाहीत. १९२१ चे कागद २०२२ साली खुले झाले. १९३१ चे सगळे कागद १९४२ साली एका आगीत जळाले, त्यामुळे तिथे कायमचे भगदाड आहे.

१९२१ च्या कागदावर व्याह्यांचे आजोबा लगेच सापडले. त्या वर्षी मालकाचे नावही विचारले होते, आणि त्या रकान्यात लायस्टन गावच्या गॅरेट यांच्या कारखान्याचे नाव होते. हा कारखाना वाफेची इंजिने आणि मळणीयंत्रे बनवीत असे. म्हणजे शेतातून बाहेर पडलेला या घरातला पहिला माणूस, ज्या यंत्रांनी त्याच्या पूर्वजांची हिवाळ्यातली मजुरी खाल्ली ती यंत्रे घडवायला गेला होता. पण हे झाले माझे भाष्य. त्याला तिथे पगार बरा मिळत असणार, एवढेच बहुधा खरे.

१९११ चा कागद मी आजवर पाहिलेल्या सरकारी कागदांत सर्वांत जिवंत आहे. त्याआधीच्या खानेसुमारींत घराघरांतून भरून घेतलेले तक्ते प्रगणक आपल्या वहीत उतरवून घेई आणि मूळ तक्ते पुढे नष्ट होत, म्हणून आपण वाचतो तो प्रगणकाचा हात. १९११ साली प्रथमच कुटुंबप्रमुखाने भरलेला मूळ कागद जपून ठेवला गेला. व्याह्यांचे पणजोबा तेव्हा त्रेपन्न वर्षांचे, धंदा शेतावरच्या घोड्यांचा गडी. लग्नाला ३१ वर्षे. जिवंत जन्मलेली मुले ९, हयात ६, मृत ३. हे तीन आकडे त्या वर्षी प्रत्येक विवाहित स्त्रीबद्दल विचारले होते. सगळा मजकूर वळणदार, शाळकरी अक्षरात आहे, ओळी सरळ आहेत, एकही शाईचा डाग नाही. खाली सही मात्र दुसऱ्याच हाताची. अक्षरे वेगवेगळ्या उंचीची, आडनावाच्या मध्यावर टाक पुन्हा शाईत बुडवल्याची खूण आणि शेवटचे अक्षर चौकटीबाहेर गेलेले. घरातल्या कुठल्या तरी शाळकरी मुलीने टेबलाशी बसून बापाला प्रश्न वाचून दाखवले असतील, त्याने उत्तरे दिली असतील आणि शेवटी कागद त्याच्यापुढे सरकवला असेल. मेलेल्या तीन मुलांचा आकडाही तिनेच लिहिला. त्यातले एखादे तिने पाहिलेले असणार.

इथून मागे जाताना पहिली अडचण १८९१ साली आली. त्या वर्षीची खानेसुमारी ५ एप्रिलच्या रात्रीची. घरात बायको आहे, चार मुले आहेत, म्हातारा सासरा आहे, पण पणजोबा नाहीत. बायकोच्या नावापुढे ‘विवाहित’ असे लिहिले आहे, म्हणजे नवरा जिवंत आहे. मग गेला कुठे? मला लाज वाटते सांगायला, पण माझे मन थेट खडकीला आणि अहमदनगरला जाऊन पोहोचले. सफकची पलटण हिंदुस्थानात असे, आणि कंपनीच्या काळापासून मुंबई इलाख्यातल्या गोऱ्यांच्या दफनांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत हे नाव सापडावे, व्याह्यांना मी चकित करावे आणि आमची सोयरीक शंभर वर्षे आधीच जुळली होती असे म्हणावे, ही हौस. चार मुलांचा तिशीतला बाप पलटणीत भरती होत नसतो, हे कळायला खात्यातल्या अनुभवाची गरज नव्हती. तरीही त्या नोंदींत मी पाच दिवस घालवले.

पणजोबा सापडले ते बर्टन-अपॉन-ट्रेंट इथे, शंभराहून अधिक मैलांवर, बिअरच्या भट्ट्यांच्या शहरात. एका भाड्याच्या घरात सहा पुरुष, सहाही सफकचे, आणि सहांच्याही नावापुढे मॉल्टच्या कोठारातला मजूर असा धंदा. भिजवलेली बार्ली मोड येईपर्यंत लांबलचक फरशीवर पसरायची आणि लाकडी फावड्यांनी पुन्हा पुन्हा परतायची, असे ते काम. ते थंडीच्या दिवसांतच चाले. सुगी संपली की पूर्वेकडचे मजूर घोळक्याने बर्टनला जात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येत. एप्रिलमधल्या एका रात्रीची खानेसुमारी त्यांना नेमकी तिथे गाठते. ऊसतोडीला गेलेल्या गावाची शिरगणती जानेवारीत केली तर काय दिसेल, ते डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हा कागद समजेल. प्रगणकाने त्यांच्या जन्मगावांची नावे कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. सफकचा हेल आणि बर्टनचा कान यांच्यामधून हेल्सवर्थ पार झाले आहे ते ओळखू न येण्याजोगे, आणि पणजोबांच्या गावाचे नाव तर मोठ्याने म्हणून पाहिल्यावरच मला उमगले.

त्याच १८९१ च्या कागदावरचा सासरा म्हणजे पणजोबांचा बाप, १८२६ च्या आसपासचा जन्म. त्याला आपण थोरले म्हणू. १९०१ साली हे थोरले घरात नाहीत. ते बल्कँपच्या वर्कहाऊसमध्ये आहेत, ‘निराधार, पूर्वीचा शेतमजूर’. आजूबाजूच्या गावांनी मिळून चालवलेले हे निराधारगृह. बांधकाम चालू असतानाच १७६५ साली चिडलेल्या जमावाने त्याचा काही भाग पाडला होता. तरी ते पुन्हा बांधले गेले आणि पुढच्या वर्षी सुरू झाले. सत्तरी ओलांडलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंग सरकारी पेन्शन मिळू लागले ते १ जानेवारी १९०९ पासून, आणि तोवर थोरले गेले होते. त्या इमारतीत पुढे इस्पितळ झाले, आता राहती घरे आहेत. ब्लायथबरच्या जवळून जाताना व्याह्यांनी गाडी जराही हळू केली नाही, म्हणून मीही काही बोललो नाही.

थोरल्यांच्या मागे जाताना मी फसलो, तो प्रसंग सविस्तर सांगायला हवा, कारण अशी चूक करणारा माझ्या हाताखालचा कारकून असता तर मी त्याला बोलणी दिली असती. १८५१ च्या कागदावर थोरले पंचवीस वर्षांचे, अविवाहित, बापाच्या घरात, आणि जन्मस्थळ ‘याच गावात’. बापाचेही जन्मस्थळ ‘याच गावात’. व्याह्यांचे वाक्य डोक्यात होतेच. मी गावच्या चर्चची बाप्तिस्म्याची वही उघडली, १८२५ साली त्याच नावाचे मूल सापडले, बापाचे नावही तेच. मग काय, त्या बापाचा बाप, त्याचा बाप, असे करत मी १६९० च्या दशकापर्यंत जाऊन पोहोचलो आणि नातवाला मोठ्या कागदावर सुबक अक्षरांत वृक्ष काढून दिला.

इंग्लंडमध्ये या चर्चच्या वह्या १५३८ पासूनच्या. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाने, बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने लिहून ठेवावीत आणि वही कुलूपबंद पेटीत ठेवावी. यातून काही नवा कर निघणार, अशी लोकांना तेव्हाच शंका आली. ती अडीचशे वर्षे आधी आली एवढेच. १७८३ साली प्रत्येक नोंदीवर खरोखरच तीन पेन्स कर बसला आणि तो ११ वर्षे चालला. निराधारांना त्यात माफी होती, म्हणून त्या वर्षांतल्या कितीतरी नावांपुढे पाद्र्याने निराधाराच्या इंग्रजी शब्दाचे नुसते आद्याक्षर टाकले आहे. १८१३ पासून छापील रकान्यांच्या वह्या आल्या. बाप्तिस्म्याच्या वहीत बापाचा धंदा आणि राहण्याचे ठिकाण, दफनाच्या वहीत वय. १८३७ च्या जुलैपासून सरकारी जन्ममृत्यू नोंद सुरू झाली.

दफनाच्या वहीतला हा वयाचा रकाना मी पाहिला असता तर माझी लाज वाचली असती. दुसऱ्या उन्हाळ्यात, दुसरेच काही शोधत असताना, १८२७ च्या पानावर ते नाव दिसले. वय, २ वर्षे. माझा वृक्ष ज्याच्यावर उभा होता ते मूल दोन वर्षांचे होऊन वारले होते. जिवंत राहिलेल्या थोरल्यांशी त्याचा संबंध नावापुरता. इथे दर पिढीत जॉन, विल्यम, जेम्स हीच नावे फिरत असतात, आणि एका गावात एकाच नावाचे दोघे तिघे असणे नेहमीचेच. सात-बारावर खातेदाराचे नाव जुळले म्हणून फेरफार न तपासता नोंद करणाऱ्याला आम्ही काय म्हणत असू, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

मग थोरले जन्मले कुठे? उत्तर १८६१ च्या कागदावर होते. मी तो चाळला होता, पण जन्मस्थळाचा रकाना माहीतच आहे अशा समजुतीने वाचला नव्हता. तोवर बाप वारला होता आणि थोरल्यांचे स्वतःचे बिऱ्हाड झाले होते. आता घराचे उत्तर तेच देत होते. आणि जन्मस्थळाच्या रकान्यात त्यांनी दुसरेच गाव सांगितले होते, सात मैलांवरचे.

बाप जिवंत असताना एक गाव, आणि बाप गेल्यावर दुसरे. चावडीवर आयुष्य काढलेल्या माणसाला यात काहीतरी आहे हे कळायला वेळ लागत नाही. माणूस सरकारी कागदावर जन्मगाव खोटे सांगतो तेव्हा त्याला कशाची तरी भीती असते.

ही भीती समजून घ्यायला मला ‘सेटलमेंट’ हा शब्द विसरावा लागला. आमच्या खात्यात सेटलमेंट म्हणजे जमाबंदी, जमिनीचा सारा ठरवणे. इंग्लंडच्या गरिबांच्या कायद्यात सेटलमेंट म्हणजे माणूस कोणत्या गावाच्या खर्चाचा, हे ठरवणे. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या निराधारांना पोसण्याची जबाबदारी टाकली, त्यासाठी जमीन आणि घरे असणाऱ्यांवर एक पट्टी बसवली, तिला मी गरीबपट्टीच म्हणतो, आणि ती गोळा करून वाटायला ओव्हरसीअर नेमले. साहजिकच प्रत्येक गाव आपला गरीब दुसऱ्याच्या गळ्यात घालायला बघू लागले, म्हणून १६६२ साली कायदा झाला, की ज्याची सेटलमेंट दुसऱ्या गावी आहे त्याला दोन मॅजिस्ट्रेटांच्या हुकमाने तिकडे पोहोचवून यावे. सेटलमेंट बापाकडून मिळे, बायकोला नवऱ्याकडून मिळे, उमेदवारीचे काम शिकल्याने मिळे. आणि अविवाहित माणसाने एका गावात पूर्ण एक वर्ष सालगडी म्हणून चाकरी केली तर त्या गावची मिळे. इंग्लंडचे सालगडी पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला ठरत नसत, ते मायकेलमसला, २९ सप्टेंबरच्या सुमारास ठरत. गावात नवा हक्कदार निर्माण होऊ नये म्हणून काही शेतकरी गड्याला एक आठवडा कमी, ५१ आठवड्यांच्याच बोलीवर ठेवत. हे वाचले तेव्हा मला हसू आले. रोजंदारीवरच्या माणसाला सेवेत खंड दाखवून कायम होऊ न देण्याची युक्ती मी फार जवळून पाहिली आहे.

इप्स्विचला बंदराजवळ २०२० साली उघडलेली ‘द होल्ड’ नावाची इमारत आहे, तिथे सफकचे दप्तर ठेवले आहे. आत पेन न्यायला बंदी. पेन्सिल आणि कोरा कागद तेवढा चालतो. पुडके फोमच्या उशीवर ठेवायचे आणि पान उघडे राहावे म्हणून कापडात शिवलेल्या शिशाच्या माळा कडेला ठेवायच्या. सात मैलांवरच्या त्या गावच्या पेटीतले कागद मी मागवले. थोरल्यांचा १८२६ चा बाप्तिस्मा वहीत होता. आईबापांचे लग्न १८२४ चे. १७५४ पासून लग्नाच्या वहीत दोघांची सही किंवा खूण लागते, आणि इथे दोघांचीही फुली होती. आपल्याकडच्या जुन्या कागदांवर कुणब्याची निशाणी नांगर असे, निदान धंदा तरी कळे. इथे सगळ्यांना एकच फुली. तरी नीट पाहिले तर दोन फुल्या सारख्या नव्हत्या. त्याची मोठी, तिरकी, एक रेघ कागद खरवडत गेलेली. तिची लहान, सरळ, टाके घालणाऱ्या हाताची वाटावी अशी. बापाचा स्वतःचा बाप्तिस्मा १७९९ चा, त्याच गावी. त्याच्या थोरल्या बहिणीच्या १७९१ च्या नोंदीपुढे माफीचे ते आद्याक्षर आहे. त्याच्या मागे वह्या आहेत, पण नावे पुन्हा तीच तीच, आणि आता मी शिकलो आहे, तिथे थांबलो.

आणि वह्यांच्या खाली, घडी घातलेला एक सुटा कागद. १८२९ चा जानेवारी. दोन मॅजिस्ट्रेटांपुढे शपथेवर घेतलेला जबाब.

मजकूर कारकुनाच्या भाषेतला आहे, तरी त्यातून माणूस बोलतो. आपण याच गावी जन्मलो, असे त्याच्या बापाकडून ऐकले आहे. सुमारे अकरा वर्षांपूर्वी, लग्न झालेले नसताना, मायकेलमसला अमुक गावच्या शेतकऱ्याकडे वर्षाच्या बोलीने चार गिनींवर राहिला. ते वर्ष त्याने पूर्ण भरले, शेवटची रात्र तिथेच झोपला, आणि मजुरी पूर्ण मिळाली. त्यानंतर सेटलमेंट मिळेल असे काहीही केलेले नाही. बायको आहे, तीन मुले आहेत, मोठी मुलगी ४ वर्षांची, मग मुलगा ३ वर्षांचा, धाकटे सहा महिन्यांचे. आजारपणाने काम सुटले म्हणून मदत मागितली. खाली तीच मोठी, तिरकी फुली.

मदत मागितली, हा त्याचा गुन्हा. १७९५ च्या दुरुस्तीनंतर नुसते परगावचा म्हणून कुणाला हाकलता येत नसे; तो गरीबपट्टीवर हात पसरेपर्यंत थांबावे लागे. तो तीस वर्षांचा होता, जन्मगावी राहत होता, आणि एकोणिसाव्या वर्षी केलेल्या एका वर्षाच्या चाकरीमुळे जन्मगाव त्याचे राहिले नव्हते. दुसऱ्या कागदावर हुकूम आहे, आणि ओव्हरसीअरच्या हिशेबाच्या वहीत त्या महिन्यात एक ओळ आहे. त्याचे आडनाव, कुटुंबासह पोहोचवणे, गाडीभाडे, ३ शिलिंग ६ पेन्स.

ज्या गावी त्यांना पोहोचवले, तेच व्याह्यांचे ‘पहिल्यापासूनचे’ गाव.

मग १८५१ चे खोटे समजते. प्रगणक दाराशी आला, सरकारी वही घेऊन, आणि विचारू लागला की जन्म कुठला. पाच वर्षे एका गावी राहिलेल्याला हलवता येत नाही, असा कायदा १८४६ साली झालेला होता, पण तो त्याला कोण सांगणार? त्याला एवढेच ठाऊक की मागे एकदा साहेबांपुढे जन्मगाव खरे सांगितले तेव्हा थंडीच्या दिवसांत तान्ह्या मुलासह गाडीत बसावे लागले होते. म्हणून स्वतःचे आणि मुलाचे, दोघांचेही जन्मस्थळ त्याने ‘याच गावात’ असे सांगितले. व्याह्यांचे ते अभिमानाचे वाक्य बहुधा तिथूनच आले असेल, घरात बजावून ठेवलेल्या जबानीसारखे: विचारले तर सांगायचे, आम्ही पहिल्यापासून इथलेच.

त्या जबाबाचा कागद समोर असताना मी माझ्या खात्याचा विचार करत होतो. जमिनीच्या कागदांत मजूर सापडत नाही, हे मला नव्याने कळायचे नव्हते. १८३६ च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये चर्चला द्यायच्या दशमांशासाठी गावोगावचे नकाशे झाले. ते पाहताना मी घरी आल्यासारखा झालो होतो, कारण रकाने आमचेच. मालक, भोगवटादार, तुकड्याचा क्रमांक, तुकड्याचे नाव, लागवड, क्षेत्र; एकर आणि गुंठ्यांऐवजी एकर, रूड आणि पर्च. व्याह्यांच्या गावच्या तक्त्यात एक ओळ आहे, झोपड्या आणि बागा, भोगवटादार अमुक व इतर. माझी खात्री आहे की आमचा माणूस, त्याची लहान सरळ फुलीवाली बायको आणि मुले त्या ‘व इतर’मध्ये आहेत. १८४१ च्या खानेसुमारीत, पेन्सिलीने लिहिलेल्या पुसट पानावर, त्याच ठिकाणी ती आहेत. त्याचे वय ४० लिहिले आहे, कारण त्या वर्षी पंधराच्या वरची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची होती. धंद्यापुढे ‘शेतमजूर’ या इंग्रजी शब्दांची पाच अक्षरांची कातरलेली रूपे. एवढे मजूर होते की प्रगणकांना तशी सूचनाच होती.

एकतीस वर्षांच्या नोकरीत हजारो उतारे माझ्या हाताखालून गेले. त्या शेतांत प्रत्यक्ष खुरपणाऱ्या बाईला एकाही रकान्यात जागा नव्हती, आणि मला ते कधी खटकले नाही, कारण तो कागद सारा कोणी भरायचा यासाठी होता. या घराण्याबद्दल सर्वांत जास्त, त्याच्या चार गिनींसकट आणि शेवटच्या रात्रीच्या झोपेसकट, लिहिले गेले ते ज्या दिवशी गावाला त्याचा खर्च नको होता त्या दिवशी. बाकी आयुष्यभर तो त्या गावच्या खर्चात नव्हता, म्हणून कागदातही जेमतेमच होता.

व्याह्यांना सांगायचे की नाही, यावर मुलीचे आणि माझे थोडे वाजले. शेवटी सांगितले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जबाबाची प्रत ठेवली आणि त्या शेजारी १९११ ची सही. त्यांनी आधी सहीकडेच पाहिले. म्हणाले, “माझे वडीलही आडनावाच्या मध्येच थांबायचे.” मग जबाब वाचायला घेतला. जुने वळण त्यांना लागत नव्हते, तेव्हा सफकच्या माणसाला सफकचा कागद मी वाचून दाखवला. गाडीभाड्याच्या ओळीशी त्यांनी मला थांबवले.

“हे पैसे कोणी दिले?”

“त्या गावच्या गरीबपट्टीतून गेले.”

“म्हणजे आमच्याकडे बाकी आहेत.”

रविवारी आम्ही गेलो. सात मैलांना पंधरा मिनिटे लागली, तीही पुढे ट्रॅक्टर होता म्हणून. चर्च उघडे होते, आत कोणी नव्हते. बाप्तिस्म्याचे दगडी पात्र पाहिले, थोरल्यांना १८२६ साली ज्यावर धरले असेल ते. साडेतीन शिलिंग म्हणजे आजचे साडेसतरा पेन्स, असा हिशेब व्याह्यांनी गाडीतच करून ठेवला होता. भिंतीत बसवलेल्या लोखंडी दानपेटीपाशी उभे राहून त्यांनी खिसे चाचपले. एकही नाणे नव्हते. पेटीशेजारी कार्डाचे यंत्र होते, त्यावर सर्वांत लहान रक्कम तीन पौंड.

त्यांनी थोडा वेळ त्या आकड्याकडे पाहिले. “व्याज धरून,” असे म्हणाले, आणि कार्ड टेकवले.